मान हलेपर्यंत

आई,

मला एक परिच्छेद लिहायचा आहे आणि तो जमत नाहीये. बाबांनी डायलिसिस थांबवायचं ठरवलंय. त्यांनी स्वतः डॉक्टरांना सांगितलं, सही केली, खाली माझीही सही झाली. छापील इंग्रजी फॉर्म होता, तेवढ्यावर सुटले असते. हे डॉक्टर मात्र जरा वेगळे निघाले. म्हणाले, "आप तो लिखने वाली हैं. घरवालों की तरफ से दो-चार लाइन अपने शब्दों में लिख दीजिए. फाइल में रहेगा, आपके मन में भी साफ रहेगा." लिहिल्यानं मन साफ होतं असं ज्याला वाटतं, त्यानं माझा कॉलम कधी वाचलेला नसावा. इतकी वर्षं मी दर रविवारी एका हिंदी पेपरात या शहरातल्या सगळ्यांची टिंगल करते, नगरसेवकापासून लग्नातल्या डीजेपर्यंत, आणि माझ्या मनात काही साफ झाल्याचं मला तरी आठवत नाही. घरवाले म्हणजे मी एकटी. कागद उद्या द्यायचा आहे. सकाळपासून बरेच फाडले. मग एका कागदावर आपोआप 'आई' असं लिहिलं गेलं, आणि तो फाडवेना.

परिच्छेद लिहायला तूच शिकवलंस, म्हणजे तक्रारही तुझ्याकडेच यायला हवी. इंदूरच्या स्नेहलतागंजातल्या तुझ्या शाळेत तू नववीला मराठी शिकवायचीस आणि मी तुझ्याच वर्गात, हे माझ्या आयुष्यातलं पहिलं व्यंग. सकाळी डबा भरताना 'आई, लोणचं नको' म्हणायचं आणि तासाभरानं त्याच बाईसमोर उभं राहून 'बाई, आत येऊ?' विचारायचं. वैचारिक निबंधाची सुरुवात आम्ही सगळ्या प्राचीन काळापासून करायचो. 'प्राचीन काळापासून मानव...' एवढं वाचलं की तू वही मिटायचीस. "मानवाला राहू दे तिकडे. तुझं काय म्हणणं आहे?" आमचं काही म्हणणं नसायचं. आम्हाला मार्क हवे असायचे. मग तू दोन बाक समोरासमोर ओढून घ्यायचीस. विषयाच्या एका बाजूची मुलगी इकडे, दुसऱ्या बाजूची तिकडे, वह्या बंद. स्वतःची बाजू मांडायला परवानगी नाही. आधी समोरच्या मुलीची बाजू मांडायची, तिच्या वतीनं, आणि तिची मान हलेपर्यंत मांडत राहायची. 'हो, हेच म्हणायचं होतं मला' अशी तिची मान हलली, की वही उघडायची, ते दोन-तीन ओळींत लिहायचं आणि त्याखाली आपलं एक वाक्य. एकच. "घासाएवढं असू दे," तू म्हणायचीस, "तोंडात मावलं पाहिजे." आणि मध्ये 'पण' लिहायला बंदी. "पण म्हणजे डस्टर. लिहिलंत की वरचं सगळं पुसलं जातं. मग कशाला हलवायला लावलीत बिचारीची मान?" मान हलली म्हणजे पटलं असं नव्हे, हेही तू दर वेळी बजावायचीस. मान एवढंच सांगते की माझं ऐकलं गेलं. उरलेलं भांडण मग खुशाल करा.

हिंगोटचा दिवस तुला आठवत असेल. मला तर तो रोज आठवतो हल्ली. वर्गात गौतमपुऱ्याची एक मुलगी होती, इथे मामाकडे राहून शिकायची. तिच्या गावात दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी दोन दळं मैदानात समोरासमोर उभी राहतात आणि हिंगोटाच्या पोकळ फळांत बारूद भरून ती पेटती फळं एकमेकांवर फेकतात. माणसं भाजतात, आणि पुढच्या वर्षी तीच माणसं पुन्हा उभी असतात. विषय होता, ही प्रथा बंद करावी का. मी 'करावी'च्या बाकावर, ती 'करू नये'च्या. मी उठते आणि म्हणते, "हिचं म्हणणं असं आहे की आमच्या गावात बारूद जास्त आणि डोकं कमी, तर जे जास्त आहे ते वापरू." वर्ग हसतो. ती मुलगी माझ्याकडे बघत राहते. मी तिच्या गावाकडचा हेल काढून दुसरं काहीतरी म्हणते, वर्ग आणखी हसतो, तिची मान जागची हलत नाही. तू फळ्याजवळून म्हणालीस, अगदी हळू, "तू तिची बाजू मांडत नाहीयेस, तिची नक्कल करून राहिलीस. नक्कल कुणालाही येते. बैस खाली." सगळ्यांसमोर. आणि मधल्या सुट्टीत तू मला मैत्रिणींबरोबर जाऊ दिलं नाहीस, तिच्या शेजारी डबा घेऊन बसवलंस. तिनं पोळीचा तुकडा मोडता मोडता सांगितलं की तिचे वडील आणि काका वर्षभर एकमेकांशी बोलत नाहीत. दिवाळीच्या आधी फळं कोरायला आणि भरायला मात्र दोघं ओट्यावर एकत्र बसतात. 'तेव्हाच आमच्या घरी त्यांचा आवाज ऐकू येतो.' सुट्टीनंतर मी एवढंच सांगितलं, हेल न काढता. तिची मान हलली, अगदी थोडी. आणि मला जे लिहायचं होतं ते लिहिणं एकाएकी कठीण होऊन बसलं. लिहिलं मी तेच, की बंद करावी. तू खाली लाल शाईत लिहिलंस, 'आता हे मत तुझं झालं.' घरी आल्यावर मी तुझ्याशी संध्याकाळभर बोलले नाही, कारण नक्कल कुणालाही येते हे मला खोटं वाटत होतं. मला ती फार चांगली यायची. पुढे त्यावरच पोट भरलं.

घरी तू हाच प्रयोग बाबांवर करायचीस, आणि त्यांना कधी कळायचंही नाही असं मी समजत होते. मला पत्रकारिता शिकायला भोपाळला जायचं होतं तेव्हाची गोष्ट. बाबा सांवेर रोडच्या पंपाच्या कारखान्यातून आलेले, हात धुऊनही ग्रीसचा वास येतोय, ताट घेऊन बसलेत आणि 'नाही' म्हणून मोकळे झालेत. तू गॅससमोर पाठमोरी. "अहो, तुमचं म्हणणं असं की पोरगी एकटी, गाव परकं, आणि पेपरवाल्यांना ना जेवायची वेळ ना झोपायची. आणि संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरल्यावर दारात ती दिसली नाही तर तुम्हाला घरी आल्यासारखं वाटत नाही. हे काही तुम्ही बोलणार नाही. बरोबर?" बाबांची मान हलली. "आणि ती जाणार," तू म्हणालीस आणि वरणावर फोडणी ओतलीस. त्या चुरचुरण्यात विषय संपला. नंतर मला स्टेशनवर सोडताना ते म्हणाले, "बेटा, तुझ्या आईशी कुणी भांडू नये. ती आपली बाजू आपल्यापेक्षा छान मांडते. मग हरायचं सोडून काय करणार भिया." मुलीला भिया, म्हणजे भाऊ, म्हणणारा बाप इंदूरशिवाय कुठे मिळायचा.

तू स्वतः मात्र कुणालाच मान हलवायला वेळ दिला नाहीस. दुपारी खुर्चीत बसून पेपर तपासत होतीस, पेनाचं टोपण हातात, आणि गेलीस. मी भोपाळहून आले ती परत गेलेच नाही. लोकांना वाटलं मी बाबांसाठी राहिले. बाबांना वाटत होतं, ते माझ्यासाठी राहिलेत.

आता तुझा धंदा मीही करते. एका कॉलेजात पत्रकारितेच्या मुलांना मत मांडायला शिकवते. सगळं हिंदीत. तुझ्या मानवाचा मुक्काम आता 'आज के दौर में' आहे, आणि तिथून पुढे प्रत्येकाच्या निबंधात एक सिक्का निघतो, त्याला दोन पहलू असतात. मी सांगून ठेवलंय, सिक्का आणायचा तर चहासाठी आणा. गेल्या सत्रात एका मुलानं विचारलं, "मैम, बीच का लिख दें? सेफ रहता है." मी म्हटलं, "बेटा, बीच में डिवाइडर होता है, उस पर नगर निगम गमले रखता है." मग दोन बाक समोरासमोर ओढले. पोरांनी त्याचं नाव 'मुंडी टेस्ट' ठेवलंय. तुला आवडलं नसतं, मग आवडलं असतं. सुरुवातीला सगळे नक्कलच करतात, माझ्यासारखी. मी तुझं वाक्य जसंच्या तसं हिंदीत टाकते आणि कुणाचं आहे ते सांगत नाही. मागच्या बाकावरची एक मुलगी आहे, कमी बोलते, नेमकं बोलते. तिनं विचारलं, "मैम, सामने वाला जानबूझ के मुंडी ना हिलाए तो? मैंने सब सही बोला, फिर भी ना हिलाए?" मी क्षणभरही न थांबता म्हटलं, "तो समझ लो वो डर गया है." वर्ग हसला. टाळ्या पण पडल्या. हजरजबाबी बाई म्हणून माझं नाव आहे तिथे.

त्याच आठवड्यात बाबांनी मला समोर बसवलं. बाबांचं आताचं रूप तू पाहिलेलं नाहीस, म्हणून सांगते. साखरेनं आधी मूत्रपिंडं नेली, मग डोळे. मी खिडकीसमोर बसले तर त्यांना उजेडात एक आकृती दिसते, चेहरा नाही. मशीनसाठी डाव्या हातात दोन शिरा जोडून दिल्यात. त्या जागी बोट ठेवलं की आत मांजर गुरगुरल्यासारखी घरघर लागते. ती लागली म्हणजे रस्ता चालू आहे. रोज सकाळी ती तपासायचं काम माझं. आठवड्यातून तीनदा ते आत मशीनपाशी आणि मी बाहेरच्या बाकावर मांडीवर कागद घेऊन. पाणी मापून. केळं नाही, टोमॅटो नाही, मीठ नाही. कुरकुर कधी केली नाही. सिस्टरला 'दीदी', डॉक्टरांना 'डॉक्टर भिया', आणि परत येताना रिक्षात न चुकता झोप.

त्या दिवशी दुपारी घरी आल्यावर ते झोपले नाहीत. टेबलापाशी बसले. म्हणाले, "बैस. तुझी बाजू मांडायची आहे मला."

मी म्हटलं, "बाबा, मला कामं आहेत."

"कॉलम उद्याचा आहे. माहितीय. बैस." मी बसले. त्यांनी टेबलावरचा स्टीलचा ग्लास चाचपून बाजूला सरकवला. "तुझं म्हणणं असं की अजून माझं डोकं चालतंय, अन्न जातंय, तुझा कॉलम वाचून दाखवलास की मी योग्य ठिकाणी हसतो. अशा माणसानं जायचं काय कारण. बरोबर?"

मला कळलं होतं हे कुठे चाललंय ते.

"पुढे. मी आत असतो तेव्हा तू त्या बाकावर बसून लिहितेस. तू चांगलं लिहिलंस ते सगळं तिथलंच आहे. घरी बसून तू नुसती चिडचिड लिहितेस. मी बंद झालो की तो बाकही गेला."

"काहीही काय बोलून राहिलात बाबा."

"थांब, झालं नाही माझं. आई गेली तेव्हा तुला कुणी विचारलं नाही. आता पहिल्यांदा कुणी विचारून राहिलंय, तर तू हो का म्हणावंस? मी पण नसतं म्हटलं." मग ते मागे टेकले. मला वाटलं दमले. "आणि शेवटचं. तू दिवसभर हिंदी बोलतेस. भाजीवाल्याशी, पोरांशी, पेपरात. या घरात मराठी माझ्यामुळे आहे. आणि आई कशी होती हे माहीत असलेला आता मीच उरलोय. मी गेलो की तू आईबद्दल बोलशील कुणाशी?"

आई, मी मान हलवली नाही. मान अशी ताठ धरली की मागून दुखायला लागली. तुझ्या नियमानं माझी मान हलल्याशिवाय त्यांना त्यांचं वाक्य बोलता येणार नव्हतं, आणि ते वाक्य काय आहे ते मला ठाऊक होतं. मागच्या बाकावरच्या त्या मुलीला मी बरोबर उत्तर दिलं होतं, एवढं तरी तेव्हा कळलं.

"हलली का?" त्यांनी विचारलं.

"बेटा, मला दिसत नाही, माहितीय ना." त्यांनी हात पुढे केला, टेबलावरून सरकवत आणला, माझ्या खांद्याला लागला, तिथून वर चढला आणि डोक्यावर येऊन थांबला. आशीर्वादाला ठेवतात तसा नव्हे. कलिंगड तयार आहे का बघायला ठेवतात तसा. "आयुष्यभर या घरात मीच मान हलवली. एकदा तुझी हलू दे," म्हणाले, आणि हात तसाच ठेवून वाट बघत बसले. घाई नव्हती त्यांना. शेवटी हलली.

"हं," ते म्हणाले. "हे सगळं खरं आहे, बेटा. आणि मी दमलो. आता बस."

'आणि' म्हणाले, आई. 'पण' नाही. तुझ्या वर्गात ते कधी बसले नव्हते. स्वयंपाकघरात जेवता जेवता त्यांनी सगळा अभ्यासक्रम पुरा केला होता आणि मला वाटत होतं, त्यांचं लक्ष वरणात आहे.

मी लगेच म्हटलं, आता माझी पाळी, तुमची बाजू मी मांडते. मला वाटलं, अजून डाव हातात आहे. "तुमचं म्हणणं असं की दवाखान्यातला चहा फुळकवणी आहे, एसी फार आहे, आणि शेजारच्या पलंगावरचे सेठजी तासभर जमिनीचे भाव सांगतात." बाबा हसले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मान हलली नाही. डोळे पुसत म्हणाले, "नक्कल करून राहिलीस." हे तुझं वाक्य त्यांना मी सांगितलं नव्हतं. तूच कधीतरी सांगितलं असणार. माझ्या पाठीमागे तुम्ही दोघं माझ्याबद्दल बोलायचात, हे मला या वयात कळलं आणि त्याचं इतकं बरं वाटलं की मी उठून बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

मग सह्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, आता पथ्य नाही, जे आवडतं ते थोडं थोडं द्या. आज सकाळी बाबांनी पोहे मागितले, कोपऱ्यावरच्या ठेल्यावरचे, वर सेव आणि भरपूर जीरावन मसाला. मी आणले. चार घास खाल्ले असतील. मग म्हणाले, "पाणी." मी सवयीनं छोटा कप उचलला आणि परत ठेवला. मोठा ग्लास भरून दिला, काठोकाठ. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला. डोळे मिटले. एकेक घोट घेत, मध्ये थांबत, पूर्ण ग्लास रिकामा केला आणि तो छातीशी धरून बसून राहिले, चेहऱ्यावर असं काही की मी तिथे नव्हतेच. इतकी वर्षं मी त्यांचं पाणी मापत होते. त्यांना तहान लागते हे मला माहीत होतं. ते तहानलेले आहेत, हे नव्हतं.

त्यानंतर मी जे लिहिलं ते अजून फाडलेलं नाही. लिहिलं असं: 'माझ्या वडिलांचं म्हणणं असं आहे की मशीन त्यांना एक दिवस देतं आणि तो दिवस पुन्हा मशीनकडेच जातो. त्यांना दुखण्याची भीती नाही. रोज मापून जगण्याचा थकवा आहे. जे उरलंय ते त्यांना आपल्या घरात, आपल्या भाषेत, पोटभर पाणी पिऊन घालवायचं आहे.' त्यांच्याजवळ जाऊन वाचून दाखवलं. डॉक्टरांसाठी हिंदीत करावं लागेल, ते नंतर. बाबा ऐकत होते. मध्ये एकदा म्हणाले, "पोटभर नको लिहू, डॉक्टर भिया ओरडतील." मग मान हलली. मी हात ठेवून बघितलं नाही, मला दिसतं.

आता त्याखाली माझं वाक्य. घासाएवढं. तेवढ्यासाठी जागा सोडलीये आणि दुपार कलली तरी ती रिकामीच आहे. उद्या तशीच देईन. डॉक्टरांना कळणार नाही, तुला कळलं असतं. वर्गात कुणी असा कागद दिला असता तर मी अर्धे मार्क कापले असते आणि वर डिवाइडरवरच्या कुंड्यांचा विनोद केला असता. हे पत्र ठेवायला तुझी जुनी पेटी आहे, नाहीतर गॅस आहे. कुठेतरी जाईल. वाचायला तू नाहीस, आणि ज्यांना वाचून दाखवलं असतं ते आत पडलेत.

एक सांगायचं राहिलं. मशीन बंद झालं, आता त्या हाताचा काही उपयोग उरलेला नाही. तरी रोज सकाळी मी त्यांच्या खोलीत जाते, मनगटाच्या वर बोट ठेवते आणि ती घरघर लागतेय का बघते. लागते. ते जागे असतात, मला श्वासावरून कळतं. झोपेचं सोंग घेतात आणि मला तपासू देतात.